पाच तारखेचे भाडे सतरा तारखेला

आमच्या घरी भाड्याची एक वेगळी वही आहे. ती आईने सुरू केली. लाल पुठ्ठ्याच्या त्या लांबट वहीत तिने पट्टीने तीन रकाने आखले होते: महिना, रक्कम आणि पैसे हातात पडले ती तारीख. निगडीतला एका बेडरूमचा फ्लॅट मी कर्ज काढून घेतला आणि भाड्याने दिला, तेव्हा पुढच्या कोऱ्या पानापासून मीही तसेच लिहू लागले. आज ते पान उघडले की पहिल्या भाडेकरूंच्या सहा नोंदी एकाखाली एक दिसतात. जून ९, जुलै १४, ऑगस्ट १७, सप्टेंबर १२, ऑक्टोबर २१, नोव्हेंबर १९. करारात मात्र ‘प्रत्येक महिन्याच्या पाच तारखेच्या आत’ असे स्पष्ट लिहिलेले होते. त्या सहा महिन्यांत भाडे एकदाही बुडाले नाही आणि एकदाही वेळेवर आले नाही.

भाडे बुडवणारा आणि भाडे उशिरा देणारा, या दोघांना आपण सहसा एकाच तराजूत तोलतो. नातेवाईक लगेच ‘काढून टाक त्याला’ असे सांगतात आणि शेजारी वकिलाचा नंबर देतात. माझ्या अनुभवात ही दोन वेगळी दुखणी आहेत, त्यांचे उपायही वेगळे आहेत आणि त्यांत गल्लत केली की चांगला भाडेकरू हातचा जातो किंवा वाईट भाडेकरू गळ्यात पडतो. पैसे बुडवणाऱ्याच्या बाबतीत मालकाला निदान मागण्याचा संकोच वाटत नाही. उशिरा देणारा मात्र शेवटी पैसे देतोच. त्यामुळे दर महिन्याला आठ-दहा दिवस जीव टांगणीला लागतो आणि पैसे आल्यावर बोलायला निमित्त उरत नाही. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. भाडे हे ज्याच्यासाठी वरखर्चाचे पैसे नसून कर्जाचा हप्ता असते, त्याला हे आठ-दहा दिवस फार जड जातात. माझा हप्ता सात तारखेला जात असे. ऑगस्टमध्ये खात्यात पुरेशी रक्कम नसल्याने तो परत गेला आणि ५९० रुपये कापले गेले, म्हणजे ५०० रुपये दंड आणि त्यावर १८ टक्के जीएसटी. पैशांपेक्षाही माझ्या पतनोंदीवर आयुष्यात पहिल्यांदा डाग पडला, याचे मला अधिक वाईट वाटले.

नोव्हेंबरच्या १९ तारखेला पैसे आले, त्या संध्याकाळी मी भाडेकरूंना घरी चहाला बोलावले. ते भोसरीतल्या एका लहान कारखान्यात मशीन चालवत. अतिशय सरळ माणूस. मी वही त्यांच्यासमोर ठेवली. त्यांनी तारखांवरून बोट फिरवले आणि म्हणाले, “काकू, जुलैत मला चौदा तारीख झाली तेव्हा तुम्ही काहीच बोलला नाहीत, म्हणून मला वाटलं चालतंय.”

त्या एका वाक्याने मला जे शिकवले ते कोणत्याही कायद्याच्या पुस्तकात सापडले नसते. जून महिन्यात चार दिवसांचा उशीर झाला तेव्हा मी भिडेखातर गप्प बसले. जुलैमध्ये ‘नवीन आहेत, बसेल घडी’ असे मनाशी म्हणाले. ऑगस्टमध्ये दंड बसल्यावर राग आला, पण तो मी घरातल्यांजवळ काढला, भाडेकरूंशी बोलले नाही. म्हणजे करारात पाच तारीख लिहून प्रत्यक्षात मी त्यांना ‘केव्हाही द्या’ असेच सांगत होते. उशिराची सवय एकट्या भाडेकरूला लागत नाही. पहिल्या दोन महिन्यांत मालक कसा वागतो, यावर ती ठरते. म्हणून माझे आता असे स्पष्ट मत आहे की पहिल्या उशिराच्या दुसऱ्याच दिवशी, आवाज न चढवता आणि टोमणा न मारता, एक ओळ लिहून पाठवावी: ‘जून महिन्याचे भाडे अजून जमा झालेले नाही, कधीपर्यंत येईल ते कृपया कळवावे.’ या ओळीत मागणी आहे, तारीख आहे आणि अपमान कुठेही नाही. शिवाय ती फोनवर न बोलता लिहून पाठवल्यामुळे पुढे कधी गरज पडली तर तिचा उपयोग होतो.

त्या चहाच्या वेळी दुसरी गोष्ट कळली ती अशी, की त्यांच्या कारखान्यात पगार दहा ते बारा तारखेच्या दरम्यान होत असे. पाच तारखेला त्यांच्या हातात पैसेच नसत. मग करारात पाच तारीख आली कुठून? एजंटाकडच्या तयार मसुद्यातून. तो मसुदा बहुधा महिन्याच्या शेवटच्या दिवशी पगार होणाऱ्या नोकरदारांना समोर ठेवून केलेला असावा. आम्ही दोघांनीही तो न वाचताच अंगठे उमटवले होते. घर दाखवताना मी त्यांना मुले किती, गाडी कोणती, मूळ गाव कोणते असे सगळे विचारले होते. पगार किती तारखेला होतो, एवढेच विचारले नव्हते.

आम्ही तिथेच बसून भाड्याची तारीख बारा ठरवली आणि तसे साध्या कागदावर लिहून दोघांनी सह्या केल्या. पुढच्या करारात तीच तारीख नोंदवली. त्यांनी आपल्या बँकेत दर महिन्याच्या बारा तारखेला १४,००० रुपये माझ्या खात्यात आपोआप वळते होण्याची कायम सूचना देऊन ठेवली. माझ्या बाजूने मी हप्त्याच्या खात्यात एका महिन्याची रक्कम कायमची बाजूला ठेवली, म्हणजे सात आणि बारा यांमधल्या पाच दिवसांचा भार भाडेकरूंवर राहिला नाही. हे दुसरे काम प्रत्येक मालकाने पहिल्याच महिन्यात करावे, असे मी आग्रहाने सांगेन. आपला हप्ता भाड्याच्या तारखेला टांगलेला असला, की भाडेकरूशी बोलताना आपला तोल सुटतो आणि ज्या गोष्टी शांतपणे मागता आल्या असत्या त्यांच्यावरून भांडण होते. त्यानंतर त्या वहीत १२, १२, १३, १२ अशा नोंदी आहेत. ते कुटुंब आणखी दोन वर्षे तिथे राहिले आणि स्वतःचे घर झाल्यावर पेढे देऊन गेले.

सगळे भाडेकरू असे नसतात. त्यांच्यानंतर आलेल्या कुटुंबाची गोष्ट वेगळी होती. पगार एक तारखेला होत असे आणि चांगला होता. दारात नवी चारचाकी उभी असे. तरीही पहिल्याच महिन्यात सात हजार आले, उरलेले ‘पंधरा तारखेला टाकतो’ म्हणाले आणि ते पंचविसाला आले. पुढच्या महिन्यात पाच हजार, मग चार, मग पाच. या वेळी मी दुसऱ्या दिवशीच लिहिले, आठवड्याने फोन केला आणि तारीख बदलून हवी आहे का तेही विचारले. तारीख बदलून नको होती. पैशांची अडचणही नव्हती. कोणाचे देणे आधी फेडायचे या त्यांच्या यादीत घरमालकाचा क्रमांक शेवटचा होता, एवढेच. अडचणीतल्या माणसाला तारीख बदलून दिली की तो सुटतो. ज्याची चालढकलच मुरलेली आहे त्याला तारीख बदलून दिली, तर तो त्या तारखेनंतर दहा दिवसांनी देतो. हा फरक ओळखायला दोन महिने पुरतात.

असे तुकड्यातुकड्याने पैसे येतात तेव्हा हिशेबाचा घोळ फार लवकर होतो, म्हणून इथे थोडे सविस्तर सांगते. प्रत्येक रकमेची पावती त्याच दिवशी द्यावी आणि तिच्यावर ती रक्कम कोणत्या महिन्याची आहे हे लिहावे: ‘सप्टेंबर महिन्याच्या भाड्यापैकी उर्वरित ४,००० रुपये मिळाले, आता सप्टेंबरची बाकी नाही, ऑक्टोबरची संपूर्ण बाकी आहे.’ भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ५९ ते ६१ मध्ये याविषयी फार समंजस नियम आहे. देणाऱ्याने रक्कम कोणत्या देण्यापोटी आहे हे सांगितले असेल आणि घेणाऱ्याने ती स्वीकारली असेल, तर ती त्याच देण्याला लावायची. देणाऱ्याने काही सांगितले नसेल तर घेणारा ठरवू शकतो. दोघांनीही ठरवले नाही तर जुन्या देण्यापासून क्रमाने लावायची. पावतीवर महिना लिहिण्याची सवय असली, की सहा महिन्यांनी ‘मी तर ऑक्टोबरचे दिले होते’ हा वाद निघत नाही. भाडे थकले म्हणून पावती अडवून ठेवू नये. मिळालेल्या रकमेची पावती देणे महाराष्ट्रात कायद्याने बंधनकारक आहे आणि नोकरदार भाडेकरूला घरभाडे भत्त्याच्या करसवलतीसाठी ती लागतेही.

या काळात मला सर्वांत जास्त मिळालेला सल्ला दंड लावण्याचा होता. अनेक करारांत ‘उशीर झाल्यास दररोज ५०० रुपये’ असे वाक्य असते. माझे मत त्याच्या विरुद्ध आहे. एक तर करारात दंड म्हणून कितीही मोठा आकडा लिहिला, तरी करार अधिनियमाच्या कलम ७४ नुसार त्या आकड्याच्या मर्यादेत वाजवी भरपाईच मिळू शकते. चौदा हजारांच्या भाड्यावर रोज पाचशे रुपये हे वाजवी आहे, असे मला स्वतःलाच मनापासून म्हणता येत नाही. दुसरे कारण मला अधिक महत्त्वाचे वाटते. मोठा दंड मालक प्रत्यक्षात कधी वसूल करत नाही, आणि न वसूल केलेला दंड म्हणजे करारातले एक वाक्य खोटे असल्याची कबुलीच असते. उशिराने आपले जे खरे नुकसान होते, उदाहरणार्थ बँकेने कापलेले ५९० रुपये, तेवढे भरून देण्याचे कलम असावे आणि ते पहिल्याच वेळी लागू करावे.

दुसरा सल्ला ऐकून मी हादरले होते. घरातल्याच एकाने सांगितले, “गच्चीवरच्या टाकीचा त्यांचा व्हॉल्व्ह दोन दिवस बंद कर, तिसऱ्या दिवशी पैसे येतील.” असे कधीही करू नये. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम २९ मध्ये पुरेशा कारणाशिवाय भाडेकरूचा अत्यावश्यक पुरवठा तोडण्यास किंवा रोखण्यास मनाई आहे. कुलूप बदलणे, सामान बाहेर काढणे, सोसायटीच्या वॉचमनला सांगून गेटवर अडवणे, हे सगळे त्याच वाटेवरचे प्रकार आहेत, आणि त्यांतून तक्रारदार असलेला मालक एका रात्रीत आरोपी होतो. कायदा क्षणभर बाजूला ठेवला तरी त्या घरात दहावीत शिकणारी एक मुलगी होती. तिच्या वडिलांच्या चालढकलीसाठी तिची आंघोळ आणि जेवण अडवण्याचा विचारही मला सहन होण्यासारखा नव्हता.

मग उरते काय? करार, मुदत आणि अनामत. या तिन्हींकडे आपण घर देताना घाईघाईने पाहतो आणि अडचण आल्यावरच त्यांचे मोल कळते.

करार अकरा महिन्यांचा असला की नोंदणी लागत नाही, असे अजूनही पुष्कळ जण मानतात. महाराष्ट्रात हे खरे नाही. १९९९ च्या कायद्याच्या कलम ५५ नुसार भाडेकरार असो वा लिव्ह अँड लायसन्स (म्हणजे ठरावीक मुदतीपुरती घर वापरण्याची परवानगी देणारा करार), तो लेखी हवा आणि नोंदलेला हवा, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी केली नसेल तर अटींविषयी भाडेकरू जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. भाडे उशिरा येते अशी तक्रार करणाऱ्याच्या हातात नोंदलेला करार नसेल, तर भाडे किती आणि तारीख कोणती इथपासूनच वाद सुरू होतो. लिव्ह अँड लायसन्सवर मुद्रांक शुल्क एकूण रकमेच्या ०.२५ टक्के असते, शहरी भागात नोंदणी फी १,००० रुपये आहे, आणि हे काम आधारच्या ठशावर घरबसल्या ऑनलाइन होते. एवढ्याशा खर्चासाठी नोटरीच्या कागदावर भागवणे मला तरी परवडणारे वाटत नाही.

मुदतीचे महत्त्व त्याहूनही मोठे आहे. राहण्यासाठी लायसन्सवर दिलेल्या घराची मुदत संपल्यावर ते रिकामे झाले नाही, तर कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. तिथे लेखी करार हा त्यातील मजकुराचा निर्णायक पुरावा मानला जातो. समोरच्याला आपली बाजू मांडायची असेल, तर समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत प्रतिज्ञापत्र देऊन आधी तशी परवानगी मागावी लागते. मुदतीनंतर तो जितके दिवस राहील तितक्या दिवसांची नुकसानभरपाई ठरलेल्या शुल्काच्या, म्हणजे करारातल्या भाड्याच्या, दुप्पट दराने द्यावी लागते. संरक्षित भाडेकरूची, म्हणजे जुन्या वाड्यांतल्या आणि पागडीच्या जागांची, वाट निराळी आहे. तिथे थकबाकीची लेखी मागणी केल्यापासून ९० दिवस थांबल्याशिवाय दावाच लावता येत नाही, आणि दाव्याचे समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांत भाडेकरूने थकबाकी १५ टक्के सरळव्याजासह आणि दाव्याच्या खर्चासह भरून पुढे नियमित भाडे दिले, तर त्या कारणावरून ताबा मिळत नाही. म्हणून लायसन्सच्या मालकाने अकरा महिन्यांची मुदत ही आपली हक्काची थांबण्याची जागा समजावी. उशिराने कंटाळलेला मालकही कित्येकदा मुदत संपल्यावर नवा करार न करता ‘चालू द्या’ म्हणत भाडे घेत राहतो. ते मात्र टाळावे, कारण त्याने आपला सर्वांत स्पष्ट कागद आपणच निकामी करतो.

अनामतीचा हिशेब मी एका रविवारी कागदावर मांडला. माझ्याकडे ५०,००० रुपये होते आणि भाडे १४,०००. तीन महिने थकले तर ४२,००० गेले. उरलेल्या ८,००० मधून शेवटचे वीजबिल आणि रंगकाम भागवायचे. करारात एक महिन्याची नोटीस होती. म्हणजे एका महिन्याचे भाडे पूर्ण थकल्यावर मी नोटीस दिली, तर घर रिकामे होईपर्यंत दोन महिने होतात आणि अनामत पुरते. तीन महिने वाट पाहून नोटीस दिली, तर पदरचे पैसे जाऊ लागतात. अनामत आहे म्हणून निर्धास्त राहणारे अनेक मालक भेटतात. त्यांनी स्वतःच्या आकड्यांनी हे गणित एकदा करून पाहावे.

डिसेंबरअखेर त्या कुटुंबाची बाकी ११,००० होती आणि करार एप्रिलअखेर संपत होता. मध्येच नोटीस देऊन घर रिकामे करायला सांगणे मला शक्य होते, पण फेब्रुवारी-मार्चमध्ये मुलीची बोर्डाची परीक्षा होती आणि गणित सांगत होते की अनामत एप्रिलपर्यंत तग धरेल. मी वकिलांकडून एक पत्र लिहून घेतले आणि पोचपावतीसह पोस्टाने पाठवले. पत्रात तीनच गोष्टी होत्या: आजची बाकी तारखांसह, ती जानेवारीअखेर पूर्ण करावी ही मागणी, आणि करार ३० एप्रिलला संपेल व वाढवला जाणार नाही ही सूचना. धमकीचा एकही शब्द नको, असे मी वकिलांना बजावले होते. पत्र मिळाल्याच्या दिवशी मी स्वतः त्यांच्या घरी गेले, मुलीच्या आईशी बोलले आणि परीक्षा संपेपर्यंत घराची काळजी करू नका, असे सांगितले. ती माउली रडू लागली. भाडे दर महिन्याला असे लांबते आहे हे तिला ठाऊकच नव्हते. बाकी जानेवारीत पूर्ण झाली. फेब्रुवारीचे आणि मार्चचे भाडे तिने स्वतःच्या खात्यातून पाठवले, एकदा तीन तारखेला आणि एकदा चार.

तरीही मी करार वाढवला नाही. पुष्कळांना हे कठोर वाटले. पत्राच्या धाकाने सुधारलेले दोन महिने मला पुढच्या अकरा महिन्यांची हमी देऊ शकत नव्हते आणि माझ्या कर्जाची अजून नऊ वर्षे बाकी होती. ३० एप्रिलला सकाळी आम्ही तिघांनी मिळून मीटरचे रीडिंग घेतले, भिंती पाहिल्या, नळ उघडून पाहिले. एप्रिलचे भाडे त्यांनी दिलेले नव्हते. अनामतीतून ते १४,००० आणि वीजबिलाचे १,२६० वजा करून ३४,७४० रुपये मी तिथेच त्यांच्या खात्यावर वळते केले आणि हिशेबाच्या कागदावर दोघांच्या सह्या घेतल्या. मुलगी किल्ल्या घेऊन खाली आली आणि निकाल लागला की कळवते, म्हणाली. जूनमध्ये तिचा फोन आला.

आता तिथे एक तरुण जोडपे राहते. दोघेही नोकरी करतात. घर पाहायला आले तेव्हा एजंट अनामतीचे बोलू लागला, त्याला थांबवून मी आधी विचारले, “तुम्हा दोघांचे पगार किती तारखेला होतात?” मुलाचा पगार एक तारखेला आणि मुलीचा सात तारखेला होतो, असे कळले. भाडे कोणाच्या पगारातून जाणार ते त्यांनी एकमेकांकडे पाहून ठरवले, आणि करारात आठ तारीख लिहिली गेली.